दारातलं झाड

१४ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. तुझं पत्र येऊन महिना झाला. उत्तराला उशीर केला, रागावू नकोस. बाबांचा गुडघा आता बरा आहे. काठी चालायला दिलीय, ते तिनं शेजारची मांजरं हाकलतात. मी अजून पालिकेच्या उद्यान खात्यातच आहे, झाडं तपासते.

गेली तीन वर्षं एका परदेशी भुंगेऱ्यानं शहरात उच्छाद मांडलाय. नखाएवढा, हिरवा, दिसायला देखणा. त्याची अळी सालीखाली पोखरत जाते आणि झाड शेंड्याकडून वाळतं. आमच्या मुख्य बाई नसत्या तर रस्ते बोडके झाले असते. अंगानं इतक्या किडकिडीत, की आम्ही मागे त्यांना काडीबाई म्हणतो. पण कणा बघावा तर त्यांचाच! त्यांनी रस्त्यावरच्या एकेका झाडाला नंबर दिला. कीड थोडी असेल तर खोडात औषधाचं इंजेक्शन. हाताबाहेर गेलं तर तोड, लाकडाचा लगेच भुगा, आणि त्या जागी दुसऱ्याच जातीचं रोप. "अख्ख्या रस्त्याला एकच जात लावली, ही आधीच्यांची चूक. आपण ती गिरवायची नाही," म्हणतात. अठ्ठावन्नाव्या वर्षी स्वतः शिडीवर चढतात.

तू विचारलंस, तू शाळेत असताना लावलेलं दारातलं झाड कसं आहे.

दादा, ते नाही. गेल्या वर्षी तोडलं.

आणि ते माझ्यामुळे गेलं. पहिल्या तपासणीत मला खोडावर अर्धचंद्रासारखी दोन भोकं दिसली होती. तू बाबांशी भांडून घर सोडल्यापासून ते रोज चहाचा कप घेऊन त्याच्याखालीच बसायचे. मला वाटलं, खरं लिहिलं की कुऱ्हाड आलीच. हात धजावला नाही. 'निरोगी' लिहिलं. वर्षभरात शेंडा वाळला, आणि कीड गल्लीतल्या आणखी सहा झाडांना लागली.

शेवटी बाईंना जाऊन सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत.

"किती भोकं होती?"

"दोन."

"अगं, दोनच असताना इंजेक्शनावर वाचलं असतं."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. मेमो दिलाच, पण म्हणाल्या, "संध्याकाळी गल्लीत जाऊ. तू सांग, मी शेजारी उभी राहते."

राहिल्या. कोपऱ्यावरचे शिंपीकाका तावातावानं म्हणाले, "तुमचं खातं झोपलं होतं का?"

"खातं म्हणजे मीच," बाई म्हणाल्या. "फेरतपासणी ठेवायला हवी होती. ती मी ठेवली नाही."

आता प्रत्येक झाड दोघंजण तपासतात. सहातली चार वाचली.

बाबा मला एवढंच म्हणाले, "मला विचारायचंस तरी." मग कितीतरी दिवस त्यांचा चहा आतच. गेल्या आठवड्यात बाई रोप घेऊन आल्या, तेव्हा मात्र खड्ड्याशी येऊन उभे राहिले. माती लोटता लोटता माझ्याकडे न बघता म्हणाले, "थोरल्याला झाडाचं कळव. आणि तेव्हा माझंही चुकलं, हेही लिही."

हे दुसरं वाक्य ते दोनदा बोलले. मी ऐकलं की नाही, अशी शंका आली असावी.

ये म्हणून सांग, असं ते म्हणाले नाहीत. ते मी म्हणतेय.

तुझं झाड घालवलेली, तरी तुझीच,
धाकटी