बारशाआधी वाचून घे

गुरुवार, दुपार

प्रिय संयोगिता,

हे पत्र न्हाणीत जा, कडी लाव आणि मगच वाच. वाचून झालं की बंबात घाल. गंमत म्हणून सांगत नाही. मी फोनच केला असता, पण तुझा फोन तुझी आई उचलते आणि स्पीकरवर टाकून अख्ख्या गगनबावड्याला ऐकवते, हे तूच मला हसत हसत सांगितलं होतंस. तेव्हा आपण दोघी जावा बोलत होतो. परड्यात शेंगा फोडत बसायचो आणि तू आपल्या सासूबाईंची, आत्तींची नक्कल करायचीस, ती इतकी हुबेहूब की मला भीती वाटायची, त्या मागंच उभ्या असतील म्हणून. एकदा होत्याही.

परवा धैर्यशील भावजी तुझा निरोप घेऊन आले. रविवारी बारसं आहे, मी, तुझ्या आक्कानं, सगळ्या बायकांसमोर पोरीला मांडीवर घेऊन पाजावं, मग माझ्या मनात काही राहणार नाही, असं तू म्हणालीस. ही कल्पना मुळात आत्तींची, हे मला ठाऊक आहे. त्यांनी ती तुझ्या आईच्या गळी उतरवली आणि तुझ्या आईनं तुझ्या. आता सकाळपासून येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या सांगत सुटल्यात, "दोन्ही पोरं एका दुधाची झाली, की भांडाय तोंड ऱ्हाईल का कुणाला? मिटलं की मग!" घरातल्या थोरल्या मामंजींनीही मान डोलावली. भावजींनी वेगळ्या चुलीची भाषा थांबवली आणि सहा आठवड्यांनी घरात पहिल्यांदा सगळे एका पंगतीला जेवले. आत्तींनी मला स्वतःच्या हातानं भाकरी वाढली. ती मी पदराखाली नेऊन म्हशीला घातली. कारण मी तुझ्या पोरीला पाजू शकत नाही.

पाजायचं नाही असं नव्हे गं, पाजू शकत नाही. तू दवाखान्यात होतीस तेव्हाही पाजू शकत नव्हते. मला एचआयव्ही आहे, संयोगिता. यांनाही आहे. लिहिलं बघ एकदाचं. दीड वर्ष होत आलं, हा शब्द मी माझ्या हातानं कुठं लिहिला नव्हता. आता तू पहिल्यांदा हेच आठवशील, की आपण एका ताटात जेवलो, एकमेकींच्या साड्या नेसलो, माझ्या उष्ट्या कपातला चहा तू प्यायलीस. त्यानं काही होत नाही. पोरीला मी खांद्यावर घेतलं होतं, त्यानंही नाही. दुधाचं मात्र तसं नाही.

पृथ्वीराज पोटात होता तेव्हा गारगोटीत पहिल्या तपासणीला रक्त दिलं, त्यात निघालं. मग यांचं तपासलं. कुणाकडून कुणाला आलं यावर आम्ही दोघं एकदा भांडलो, शेताच्या बांधावर, अगदी लाज सोडून. पुढं ते भांडण तिथंच टाकून घरी आलो, कारण धारांची वेळ झाली होती. गारगोटीत आपल्या भावकीतलं कोण कधी भेटेल याचा नेम नाही, म्हणून औषधाला कोल्हापूर धरलं. दर महिन्याला मी नृसिंहवाडीला पौर्णिमा करते ना? मी वाडीला जातच नाही. कोल्हापूरच्या मोठ्या दवाखान्यात रांगेत बसते, गोळ्या घेते आणि येताना स्टँडजवळ पेढे घेऊन तो प्रसाद म्हणून वाटते. आत्ती गावभर सांगतात, माझी थोरली सून लई देवाची हाय. दत्तमहाराजांनी मला माफ केलं असेल, पण पुढच्या पौर्णिमेला आत्ती सोबत येते म्हणतायत, तेव्हा मी काय करणार ते महाराजांनाच ठाऊक.

दवाखान्यात मेहमुदा मॅडम आहेत. ज्या आयांना हा आजार आहे त्यांच्या बाळांवर लक्ष ठेवणं हे त्यांचं काम. बाई दिसायला साधी, पण एखादी आई तारखेला आली नाही तर तिचा पिच्छा सोडत नाही. त्यांनीच मला पहिल्या दिवशी सांगितलं, गोळ्या चुकवल्या नाहीस, बाळाला औषध दिलंस आणि सांगेन तसं पाजलंस, तर बाळ चांगलं राहण्याचीच आशा जास्त. त्या वाक्याला धरून मी इथवर आले. पोरगा झाल्यावर रोज एक औषध त्याच्या तोंडात सोडायचं होतं, ते मी ताकदीचं औषध म्हणून खपवलं. सहा महिने अंगावरचं दूध सोडून दुसरं काही द्यायचं नाही, मधाचं बोटसुद्धा नाही, कारण दोन्ही एकत्र झालं की बाळाला धोका वाढतो. इकडं आत्ती सहाणेवर गुटी उगाळून तयार. "आमची न्हाय का वाढली गुटीवर? शिकल्याल्या सुना, पोराला हात लावू देईनात!" तेव्हा माझी बाजू कुणी घेतली असेल तर ती तू. डॉक्टर टीव्हीवर पण हेच सांगतात, असं तू ठोकून दिलंस. तुला काहीएक माहीत नसताना तू माझ्या पोराला वाचवायला उभी राहिलीस, हे मला तुला किती वेळा सांगायचं होतं.

आणि त्याच्या तपासण्या. टाचेला सुई टोचतात आणि कागदावरच्या गोलांत रक्ताचे थेंब टिपून घेतात. मग तो कागद लांब कुठंतरी जातो आणि आपण वाट बघत बसायचं. घरात फोन कुणीही उचलतं, म्हणून मॅडमचं आणि माझं ठरलेलं आहे. त्या शिवणकामवाल्या बाई होऊन बोलतात. ब्लाऊज तयार आहे म्हटलं की ये, आणि ब्लाऊज छान बसतंय म्हटलं की पोरगा सुटला. एकदा आत्तींनीच उचलला आणि नंतर मला म्हणाल्या, "किती गं शिवतीस ब्लाऊज? एक तर अंगात दिसंना!" आतापर्यंत दोनदा छान बसलंय. एक तपासणी वर्षाची व्हायची आहे आणि शेवटची दीड वर्षाची. ती झाली की मगच मॅडम त्याचं नाव त्यांच्या यादीतून काढतील. तोवर त्याला साधी सर्दी झाली तरी मी रात्रभर त्याच्या कपाळाला हात लावून बसते.

आता त्या दिवसाचं सांगते. तुला दिवस भरायच्या आधीच कळा आल्या, माहेरी न्यायला वेळच मिळाला नाही, आणि बाळंतपणानंतर तुझा रक्तदाब इतका वाढला की तुला कोल्हापूरला अतिदक्षतेत ठेवलं. पोरगी चांगली होती. आत्ती तिला दुपट्यात गुंडाळून घरी घेऊन आल्या, कारण त्यांच्या डोक्यात हिशोब सरळ होता, घरात पाजणारी सून आहे. सोप्यात गल्लीतल्या बायका जमल्या होत्या. पोरगी भुकेनं रडत होती आणि आत्तींनी ती थेट माझ्या मांडीवर ठेवली. "घे की गं वर्षा. घरात दुभती म्हस असताना दूध इकत आणायचं व्हय?" संयोगिता, तिच्या रडण्यानं माझ्या छातीला पान्हा फुटला. पोलकं भिजलं, ते सगळ्या बायकांना दिसलं. आणि तसल्या भिजल्या पोलक्यानं मी उठले, पोर आत्तींच्या मांडीवर परत ठेवली आणि म्हणाले, "माझं दूध माझ्या पोरालाच पुरंना. ज्याचं त्यानं बघावं."

दुसरं काही सुचलंच नाही गं. ताप आहे म्हटलं असतं तर तासानं परत आणली असती. गोड बोलले असते तर त्यांनी माझा पदर स्वतः बाजूला केला असता. कुणीतरी म्हणालं, हिला काळीज न्हाय. मी गोठ्यात जाऊन म्हशीच्या अंगाला डोकं टेकून रडले, आणि तेवढ्यात पृथ्वीराज उठला म्हणून आत येऊन त्याला पाजायला बसले. सगळ्यांच्या देखत. माझ्यासारखी बाई मी पाहिली असती तर मीही थुंकले असते.

मग पोरीला डब्यातली पावडर, बाटली, आणि चौथ्या दिवशी जुलाब. तिला सलाईन लागलं. त्या वेळी दवाखान्याच्या दारात मी आले होते, हे तुला कुणी सांगितलं नसेल. भावजींनी मला आत सोडलं नाही. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. हे तिथंच उभे होते, खाली बघत. घरी आल्यावर मी यांना म्हणाले, तुम्ही तुमच्या आईसमोर एक शब्द तरी बोलायचा होता. तर म्हणाले, "काय बोलू सांग की. कुठला शब्द बोलू?" 

मी मॅडमना विचारलं. म्हटलं, माझ्या पोराला मी पाजतेच ना, मग एकदा, फक्त एकदा, दोन घोट? त्यांनी तिथल्या तिथं नकार दिला. म्हणाल्या, तुझं बाळ आमच्या नजरेखाली आहे, त्याला औषध गेलंय, त्याचं रक्त आम्ही तपासतो. दुसऱ्याच्या बाळाला विनाकारण त्या वाटेला लावायचं नाही, धोका थोडा असला तरी नाही. मग मी म्हटलं, तुम्हीच माझ्या जावेला सांगा. तर म्हणाल्या, तुझ्या संमतीशिवाय मी कुणाला सांगू शकत नाही, आणि तू तिला घेऊन आलीस तर तुझ्या शेजारी बसून सगळं समजावेन. तुला कसं घेऊन जाऊ? तू दवाखान्यातून थेट माहेरी गेलीस आणि माझं तोंडही बघत नव्हतीस.

गेले दोन दिवस मी फक्त वाटा शोधतेय. दूध आटलं म्हणावं, तर पृथ्वीराज दिवसभर पदर ओढतो आणि आत्ती बघतात. माहेरी निघून जावं, तर बारसं पुढं ढकलतील, रद्द करणार नाहीत. खरं सांगून टाकावं, तर वरच्या आळीतल्या, हाच आजार निघालेल्या त्या बाईचं काय झालं ते तुझ्याही डोळ्यांसमोर झालंय. तिची ताटवाटी वेगळी, न्हाणी वेगळी, आणि तिच्या पोरांशी कुणी खेळेना. ते ऐकून आत्ती काय म्हणाल्या होत्या, आठवतं? "बरं केलं. घरात बाकीची माणसं हाईत की." माझं मी सोसेन, पण माझ्या पोराचा एक रिपोर्ट बाकी असताना गावानं त्याचा निकाल लावलेला मला बघवणार नाही. या घराला चार दारं आहेत, संयोगिता, आणि दिवसभर सगळी उघडी असतात. तरी बाहेर पडायला मला एकही नाही.

हे पत्र यांच्या हातीच पाठवतेय, बारशाच्या झबल्या-टोपड्यांसोबत. आत काय आहे ते यांना माहीत आहे. दोनदा म्हणाले, नको लिहू. मग म्हणाले, लिही. तुला वाटेल आक्का क्षमा मागायला लिहितेय, किंवा खरं कळल्यावर मी तिला जवळ घ्यावं म्हणून. तसं वाटतं गं, खूप वाटतं. पण मला त्याच्या उलटं मागायचं आहे. रविवारी आत्ती पोरीला माझ्याकडं घेऊन येतील, तेव्हा तू तिला हिसकावून घे. हळू आवाजात नको म्हणू नकोस. हळू म्हणालीस तर त्या हसतील आणि पोर माझ्या पदराखाली सरकवतील. त्या फक्त पावण्यांसमोरच्या तमाशाला भितात. म्हणून ओरड. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हण, माझी पोरगी मरणाच्या दारात होती तेव्हा हिनं थेंब दिला नाही, आता हिचा हातसुद्धा लागू द्यायचा नाही. माझ्याबद्दल जे जे मनात होतं ते सगळं बोल, मी मान खाली घालून ऐकेन. चूल वेगळी होईल, ती होऊ दे. तुझ्या आईला आवडेल, आत्ती रडतील, आणि गाव म्हणेल थोरलीनं घर फोडलं. त्यानंतर गल्लीत मी समोरून आले तर तोंड फिरवून जा. तुला ते जड जाईल, कारण तू मनाची मऊ आहेस, पण एकदा जरी माझ्याकडं बघून हसलीस तर आत्ती पुन्हा मिटवायला निघतील. तुझ्या पोरीला दूध सुटेपर्यंत तुझा राग जाऊ देऊ नकोस.

तुझीच, आणि रविवारपासून कुणीच नाही,
आक्का