हजेरीतलं आठवं नाव

७ जुलै १९७४, रविवार

कलकत्त्यात एकदाचं बस्तान बसलं. बागबाजारात दोन खोल्या, गच्चीवरून गंगा दिसते. ह्यांना सियालदहून बराकपूरची गाडी धरावी लागते म्हणून कुरकुर चालू आहे, मला मात्र घर पसंत पडलं. घरमालकीण नलिनीदींनी किल्ली देता देताच माझी फिरकी घेतली. म्हणाल्या, बंगालवर स्वाऱ्या करणाऱ्या तुम्हा मराठ्यांना अडवायला इथूनच खंदक खणला होता, आणि आज मीच तुम्हाला दार उघडतेय! इथे अजून पोरांना झोपवताना आमच्या नावाची भीती घालतात म्हणे. शकुनने लगेच डोळे वटारून दाखवले. साडेचार वर्षांची आहे, पण महा नाटकी.

उद्यापासून माझी नोकरी. बायकांच्या तुरुंगात बालवाडीची शिक्षिका. सहा वर्षांखालची मुलं तिथे आईबरोबरच राहतात. तुरुंगाचं नाव कुठे लिहायचं नाही, तसं कबूल करून घेतलंय. शकुनला घरी सांभाळायला कोणी नाही, म्हणून तिला बरोबर नेण्याची परवानगी मिळवली.

१० जुलै

मुलं सात. संध्याकाळी बायकांना जोडीजोडीने बसवून डोकी मोजतात, मांडीवरची मुलं मोजत नाहीत. ती कैदी नाहीत ना! फाटकावरच्या वहीतही त्यांची नोंद नाही. मला हे पटेना. मी सात वर्षं शाळेत काढलेली, हजेरीशिवाय वर्ग म्हणजे मिठाशिवाय वरण. आज नवी वही घेऊन सगळी नावं लिहिली. पहिलं मीनाक्षी, प्रेमलता नावाच्या कैदिणीची मुलगी, तिला सगळे मिनू म्हणतात. शकुन हटून बसली म्हणून आठवं तिचं. नाव घेतलं की उडी मारून ओरडते, "हजर, बाई!" आईला बाई म्हटल्याचं तिचं तिलाच हसू येतं. बाकीची मुलं बंगालीत ओ देतात.

वॉर्डातल्या म्हाताऱ्या पहारेकरणीला सगळे माशी म्हणतात, म्हणजे आपली मावशी. तिने मला बजावलं की मुलांची नावं इथे कोणी लिहीत नाही, तुम्हीही लिहू नका. मी हसले. कामाचा कंटाळा, दुसरं काय.

१९ जुलै, शुक्रवार

जेलर श्यामसुंदरबाबूंनी कचेरीत बोलावलं. फार गोड बोलतात. एक ऑगस्टपासून नवा कायदा लागू होतोय, आईबरोबर तुरुंगात राहणाऱ्या मुलाला काही झालं तर सरकार जबाबदार. मी म्हटलं, बरंच झालं की. ते म्हणाले, बरंच झालं, पण त्याआधी कागदोपत्री इथे एकही मूल असता कामा नये. म्हणून प्रत्येक मुलाचा एक दाखला, की याला नातेवाइकांकडे पाठवलं, हे आता आत नाही. खाली शिक्षिकेची सही. नावं त्यांनी माझ्या हजेरीवरूनच उतरवून घेतली होती. मुलं कुठे जाणार नाहीत, दूध बंद होणार नाही, नुसता कागद, असं त्यांनी दोनदा सांगितलं. मोठ्या कचेरीत रोज एका दाखल्यावर शिक्का बसेल, सगळी एकदम गेलेली दिसायला नकोत म्हणून.

खोटं आहे हे मला कळत होतं. पण नोकरी नवी, आणि तोंडावर नाही म्हणणं मला कधी जमलेलं नाही. वरचा कागद वाचला, खालच्यांच्या नुसत्या कडा उचलून सह्या करत गेले. मग त्यांनी चहा मागवला.

२० जुलै, शनिवार

मिनू वर्गात आली नाही. प्रेमलता अंगणात बसली होती, तिला विचारलं. ती म्हणाली, कुठली मिनू? थट्टा नव्हती. तिला खरंच ठाऊक नव्हतं. हात मात्र मांडीवर गोल धरलेले, मूल घेऊन बसावं तसे.

२३ जुलै

रविवारी कचेरी बंद, कोणी गेलं नाही. काल दुसरं नाव. आज तिसरं. माझ्या हजेरीच्या क्रमाने.

माशीलाही मिनू आठवत नाही. मलाही वही उघडली तरच आठवते. पण मी रडायला लागले तेव्हा तिने हळूच सांगितलं की जे लिहिलंच नाही ते खोडता येत नाही, म्हणून इतकी वर्षं इथे मुलांची नावं कोणी लिहिली नाहीत. मी लिहिली. शहाणपणा केला.

सह्या किती केल्या मी? सात, की—

२४ जुलै

आठ. कचेरीतल्या कार्बन प्रती मोजल्या. आठवीवर शकुन.

२६ जुलै

श्यामसुंदरबाबूंचे पाय धरले. दाखले केव्हाच पुढे गेले. कुठली मुलं, म्हणाले, या वॉर्डात कधी मुलं नव्हतीच, बघा, तुमचीच सही. मग जबाबदार कोण, मी विचारलं. जी इथे नाहीत त्यांना सरकार कसं जबाबदार, म्हणाले. खरंच बुचकळ्यात पडले होते ते.

सहा गेली. नोकरी सोडली. शकुन आता घरीच. हे म्हणतात मला इथली हवा मानवली नाही—

२७ जुलै

फाटकापर्यंत जाऊन आले. माशीने नुसती मान हलवली. सातवं गेलं.

सोमवारी—

२८ जुलै, रविवार

कचेरी बंद. दिवसभर मांडीवर घेऊन बसले. जेवणही मांडीवरच. हनुवटीवर तीळ आहे, डावीकडे. विसरू नये म्हणून लिहिते— की लिहू नको? लिहिलं तर खोडता—

२९ जुलै

कडी लावली आहे. दोन्ही हातांनी धरलंय. कचेरी दहाला उघडते. ती विचारतेय, आई, इतकं घट्ट का? साडेनऊ—

२९ जुलै, दुपारी

घर आवरलं. नलिनीदी विचारत होत्या, तुम्हाला मूलबाळ नाही, मग दोरीवरचा हा छोटा फ्रॉक कोणाचा? मलाही सांगता येईना.

हात दुखतायत. मांडीवर गोल धरलेत, सुटत नाहीत. लिहिण्यापुरता उजवा सोडवला.

मागची पानं वाचली. अक्षर माझंच. कोणी शकुन—

पिशवीत हजेरीची वही सापडली. आठ नावं. मोठ्याने वाचली, वर्गात वाचतात तशी. सात नावांना ओ नाही. आठव्याला— मांडीवरून, हातांच्या मधून, हसत, मराठीत— "हजर, बा