रजेच्या अर्जांचा रिकामा डबा

सोमवार, १० जून. सकाळी ८.१०
शुक्रवार संध्याकाळपासून कारखान्यातला एकही रजेचा अर्ज कुठल्याच साहेबापर्यंत पोचलेला नाही. पर्सोनेल खात्यातल्या बाईंचा, फ्राऊ त्साइडलरचा फोन. म्हणाली, "हॅबर्ले, तुमचं वर्कफ्लो अर्ज गिळतंय." गिळत नाही, थांबलंय. अर्ज साहेबांपर्यंत नेणारा तो प्रोग्राम बावीस वर्षांपूर्वी मीच लिहिलाय. जेवणाआधी निकाल लावतो.

दुपारी ३.००
एरर सापडली: कंटेनर, म्हणजे डबा, रिकामा. जेवण राहिलं.
वेल्डर क्नोल आला होता. शनिवारी ब्रेमेनला मुलीचं लग्न, शुक्रवारची रजा हवी. त्याला समजावलं, प्रत्येक पायरी पुढच्या पायरीला एक डबा देते, डब्यात साहेबाचं नाव असतं, ते नाव गायब आहे. म्हणाला, "अरे फोल्कमार, नाव केस्टनर. माझ्या समोरच बसतो. विचारून येऊ?"
तसं चालत नाही, म्हटलं.

मंगळवार, ११ जून
दोष सर्व्हरवाल्यांचा. तीन पानी मेल पाठवली. नवी सहकारी नेसरिन अक्सॉय विचारते, शुक्रवारी काही बदललं होतं का? फक्त कोडमधली नावं जरा नीटनेटकी केली होती. त्याचा इथे संबंध नाही. दोन महिन्यांपूर्वी आलेल्या माणसाला हे कळणार नाही.

बुधवार, १२ जून
संकल्प: काम होईपर्यंत कॉफी बंद.
१०.१५. कॉफी घेतली. डोकं दुखत होतं.
कोडमध्ये जागोजागी तपासण्या घातल्या. आता डबा रिकामासुद्धा पोचत नाही. एरर बदलली, म्हणजे प्रगती आहे.

गुरुवार, १३ जून
सर्व्हरवाल्यांचं उत्तर: आमच्याकडे सगळं ठीक.
क्नोल परत आला. बसला नाही. म्हणाला, "मुलीचा हात धरून तिला चर्चमध्ये न्यायचंय मला. सांग तुझ्या डब्याला." संध्याकाळपर्यंत नक्की, म्हटलं.
४.००. फ्राऊ त्साइडलरने कागदावर फॉर्म छापला. केस्टनरने उभ्याउभ्या सही केली. दोन मिनिटं. हे नियमात बसत नाही, म्हणालो. "सही आहे, शिक्का आहे. अजून काय हवं?" फ्राऊ त्साइडलर म्हणाली. क्नोल माझ्याकडे न बघताच गेला.

शुक्रवार, १४ जून
नेसरिनला बघू दिलं. अकरा मिनिटं लागली. पहिल्या पायरीत मी 'वरिष्ठ' या रकान्याचं नाव 'मंजुरी देणारे' केलं होतं, वाचायला बरं म्हणून. पुढची पायरी अजून 'वरिष्ठ'च शोधतेय. मीही तिथवर आलोच होतो, म्हटलं. "हो ना," म्हणाली. हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

सोमवार, १७ जून
दुरुस्त केलं. अडकलेले त्रेचाळीस अर्ज एकदम सुटले. सगळे क्नोलच्या अर्जासारखे कागदावर आधीच मंजूर झालेले. साहेबांनी आता ते एकेक करून परत पाठवले.
दहाला मीटिंग. कागदच ठेवायचा, असं ठरलं. लोकांना आवडला म्हणे. वर्कफ्लो आजच बंद करा, हॅबर्ले, तुम्हालाच माहिती आहे ते.
२.३०. बंद केलं. पहिल्याच फटक्यात झालं. एकही एरर नाही.