दोन तपासण्यांमधले चार तास

आदरणीय दादांना धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो असं वहिनींकडून कळलं, बरं वाटलं. (त्या डाव्या गुडघ्याबद्दल बोलत होत्या की उजव्या, हे विचारायचं राहिलं.) इकडे तुमच्या बहिणीची तब्येत तुम्हाला ठाऊक आहेच. डॉक्टर आता महिने सांगत नाहीत, आठवडे सांगतात.

लिहिण्यास कारण की, एक संस्था आहे, ती माणूस गेल्यावर त्याचा देह गोठवून ठेवते. पुढेमागे औषध सापडलं तर उठवू म्हणते. उठवतीलच असं नाही, हे मलाही कळतं, मी काही दुधखुळा नाही. पण चाळीस वर्षांच्या संसारानंतर मला 'पुढेमागे'सुद्धा पुरे आहे. अट एकच: श्वास थांबल्यापासून अर्ध्या तासात देह बर्फात गेला पाहिजे.

आता कायदा ऐका. मृत्यू-नोंदणी कार्यालयात गेलो. (माझंच जुनं कार्यालय. छत्तीस वर्षं तिथे दाखले लिहिले, त्यामुळे खुर्ची मिळाली, चहा मिळाला, काम तेवढं झालं नाही.) देहाचं काय करणार, या रकान्यात तीनच पर्याय: दहन, दफन, दान. मी म्हटलं, दानात घाला, मागाहून परत मागून घेऊ. तसं चालत नाही म्हणे. बरं, अर्ज आधीच देऊन ठेवतो म्हटलं, तर संबंधित व्यक्ती जिवंत असताना अर्ज घेता येत नाही, आणि गेल्यावर घेतात तो साडेदहा ते एक, सुट्टी सोडून. घरी येऊन तुमच्या बहिणीला ही वेळ सांगितली. "बघते," म्हणाली.

खरी अडचण पुढेच आहे. दाखला मिळेपर्यंत देह जागचा हलवायचा नाही, आणि दाखल्याआधी डॉक्टरांनी दोनदा तपासायचं, मध्ये चार तास सोडून. असला नियम कोणत्या शहाण्याने केला, म्हणून मी आवाज चढवला. तिथला साहेब (पूर्वी माझ्या हाताखाली होता, गुणी माणूस) उठला. कपाटातून जुनं परिपत्रक काढून त्याने माझ्यापुढे ठेवलं. मसुदा माझा, अक्षर माझं. आम्ही मयत म्हणून नोंदवलेला एक सुतार तिसऱ्या दिवशी स्वतः तक्रार करायला आला होता, त्यानंतर मीच ते लिहिलं होतं. शेवटी 'कोणत्याही सबबीवर सूट नाही', आणि त्याखाली लाल शाईच्या दोन रेघा. दादा, त्या रेघा मारताना आपण फार चोख काम केलं असं वाटलं होतं. त्या चार तासांपायी किती घरं ताटकळली असतील, हे त्या दिवशी पहिल्यांदा मनात आलं आणि मला रडू फुटलं. साहेबाने दार लोटून घेतलं.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
मेहुणा

ता. क. एक वाट आहे. वरच्या कार्यालयात अपील करता येतं, पण त्यावर रक्ताच्या नात्यातल्या माणसाची सही लागते. नवरा त्यात धरत नाहीत. अर्ज सोबत पाठवत आहे. फुली केली आहे तिथे सही करा.

आणखी ता. क. पत्र हिने वाचलं आणि अर्ज पाकिटातून काढून घेतला. तिला हे हवं आहे का, ते मी विचारलंच नव्हतं. तिला नको आहे. दोन महिने मी कचेऱ्यांत होतो आणि ती घरी एकटी होती, एवढंच म्हणाली. आता सही नको, तुम्ही मात्र या. आता कुठे जायचं उरलं नाही, दिवसभर तिच्याजवळ बसायचं आहे, आणि दादा, मला एकट्याला भीती वाटते.