आत्याच्या बाजूचा पाटा

अण्णा,

तुमची अँबॅसिडर काल कुपवाडहून घरी आली. तुम्ही असता तर आधी तिच्या मागे जाऊन उकिडवे बसला असता आणि एक डोळा मिटून बंपर जमिनीला समांतर आहे का ते बघितलं असतं. मीही बघायला गेले. उकिडवं बसणं आता जमत नाही, म्हणून शेडच्या खांबाला धरून वाकले. डावी बाजू थोडी वर आहे. तुमच्या वेळी होती तशीच.

तुमच्यानंतर बरीच वर्षं ती नुसती उभी होती. मागून अगदी बसली होती, आणि उजवीकडे इतकी झुकलेली की मडगार्ड टायरला टेकायला आलं होतं. ती दुरुस्त करायचं तुमच्या नातवाच्या डोक्यात आलं ते माझ्यामुळे. साताऱ्याला आमच्या शाळेच्या मैत्रिणी जमणार आहेत. मी येत नाही असं कळवून टाकलं होतं; गुडघा दुखतो, गाडीत पाय दुमडून इतका वेळ बसवत नाही. तो म्हणाला, मग आजोबांची गाडी काढू, मागच्या सीटवर पाय पसरून बस. माझ्याकडे दुसरं कारण तयार नव्हतं.

कुपवाडचा मेकॅनिक तिशीतला आहे, बडबड्या, पण हात चांगला. त्याने आधी चारी टायरची हवा सारखी केली, गाडी सपाट फरशीवर घेतली आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत दोन्हीकडे टेप लावली. तुम्ही असंच करायचा, फक्त तुमच्याकडे दुकानातली लाकडी फूटपट्टी असायची. मग त्याने मागच्या चाकांवर गाडी तोलून धरणारे कमानदार पोलादी पाटे उतरवले. पार झोपलेत म्हणाला. भट्टीत तापवून पुन्हा बाक द्यायला लागेल, रबरी बुश सगळे नवे घालायला लागतील. हे सांगता सांगता तो थांबला आणि हसायला लागला.

“काकू, डाव्या बाजूला एक पाटा जास्त हाय. कुणी बसवला ह्यो? झोपेत बसवला का काय?”

माझ्या वडिलांनी, असं मी म्हटल्यावर त्याने जीभ चावली. तरी तो पाटा काढणारच म्हणाला. दोन्हीकडे सारखे पाटे हवेत, नाहीतर गाडी सरळ उभी राहणार नाही. त्याचं बरोबरच होतं. पण अण्णा, इंजिन-पंपाचे सुटे भाग विकण्यात तुमचा जन्म गेला. नट अर्धा आटा कमी फिरला तरी तुम्हाला चैन पडत नसे. तुम्ही एक पाटा चुकून जास्त घालाल? मी त्याला म्हटलं, आत्ता काही ठरवू नको. आणि घरी येऊन ओट्यावर बसून राहिले.

तासगावच्या लग्नाला निघालेलो तो दिवस आठवला. आत्या, तुमची थोरली बहीण, मागे डाव्या दाराने आत शिरते. रस्त्याच्या कडेला उतरता यावं म्हणून ती बाजू तिची, आणि आखडलेला पाय सीटवर आडवा. ती बसते तशी गाडी डावीकडे खाली जाते. आत्याच्या वजनाबद्दल घरात कुणी बोलत नसे, तीच बोलायची. मला न्यायचं तर ट्रक सांगा, म्हणायची, आणि पदर तोंडाला लावून हसायची. पण त्या दिवशी मांडवापाशी ती गाडीतून उतरताना कुणीतरी पाहुणा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “आक्का बसल्या की गाडी गुडगं टेकतीया.” मांडवातली पोरं हसली. आत्याही हसली. येताना मात्र वाटेत उजेड आहे तोवर जेवायचं म्हणून आपण गाडी थांबवली, दशम्या आणि बिनलसणाची शेंगाचटणी सोडली, तर तिने चतकोर खाऊन हात धुतले.

त्यानंतर ती कुठे जाईनाशी झाली. बारसं असो, बस्ता असो, तुम्ही विचारलं की उत्तर ठरलेलं. “मी न्हाई येत रं. गुडगा दुखतुया.” तुम्ही कधी आग्रह केला नाहीत. मला वाटायचं, अण्णांना बरंच वाटत असेल, गाडीत जागा होते.

मग सुट्टीतली एक सकाळ. तुम्ही गाडीखालून बाहेर आलात, कोपरापर्यंत काळे. आत्याला हाक मारून म्हणालात, मागचे दिवे तपासायचे आहेत, जरा तुझ्या जागेवर बस. दिवे बघायला मी कशाला, असं पुटपुटत ती बसली. तुम्ही मागे जाऊन उकिडवे बसलात. मी पायरीवर भिजवलेले शेंगदाणे खात होते. तुमच्या हातात फूटपट्टी होती. दिवे तपासायला फूटपट्टी कशाला, हे त्या वयात मला सुचलं नाही. अण्णा, ते परवा ओट्यावर बसल्यावर सुचलं.

त्या सुट्टीनंतर गाडी कायम तिरकी. रिकामी असली की डावीकडे वर, उजवीकडे खाली. गल्लीत तिला लंगडी म्हणायचे आणि तुम्ही ऐकून घ्यायचा. साताऱ्याच्या वसतिगृहात मला न्यायला तुम्ही एकटे आलात की मुली सज्ज्यातून बघायच्या. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी एकदा अगदी सभ्य इंग्रजीत विचारलं होतं, तुझ्या वडिलांची गाडी अशी का उभी असते? माझे कान तापले होते. पुढच्या स्नेहसंमेलनाला मात्र तुम्ही आत्याला घेऊन आलात. तिने कशी संमती दिली कोण जाणे. फाटकातून गाडी आत आली ती सरळ, पाण्याच्या पातळीसारखी सरळ. मला वाटलं, अण्णांनी दुरुस्त केली. आत्या बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन सावकाश उतरली, मुलींनी तिला गराडा घातला, आणि तिच्या पाठीमागे गाडी हळूच पुन्हा तिरकी झाली. आत्याने ते बघितलं नाही. बघितलं मी, आणि तुमच्यावर चिडले. एवढं येतं तुम्हाला, मग ही नीट का करत नाही?

“रिकामी गाडी बघू नये बाळ,” म्हणालात. “माणसं बसल्यावर बघावी.”

मला वाटलं, टाळताय. तुम्ही आवाज न चढवता रागवायचा, त्यामुळे ते रागावणं होतं हेसुद्धा मला उशिरा कळलं. आत्या त्यानंतर सगळीकडे यायला लागली. शेवटपर्यंत तिला वाटत होतं की आपण बसलो तरी गाडी आता खाली जात नाही, कारण आपलं वजन थोडं उतरलंय. तुम्ही तिला तेही वाटू दिलंत.

मेकॅनिकला मी सांगितलं, होता तसाच बसव. तो नाराज झाला. पाटे नव्याने बाक देऊन आले, बसवले, गाडी फरशीवर घेतली, टेप लावली. डावी बाजू वर. “बघा, म्हटलं न्हवतं काकू?” मी म्हटलं, थांब, बसून बघते. डाव्या दाराने आत शिरले, पाय सीटवर आडवा केला आणि समोर बघत राहिले. मागे तो टेप लावतोय ते ऐकू येत होतं. एकदा लावली, दुसऱ्या बाजूला गेला, परत आला, पुन्हा लावली.

“आता बरोबर आलं की,” तो म्हणाला. मग माझ्याकडे न बघता टेप गुंडाळायला लागला. बोलका मुलगा, पण तेवढ्यावर थांबला. तुम्हाला आवडला असता.

पाटा काढू नको म्हणून सांगितलं. तुमच्या नातवाने का विचारलं, तर म्हटलं, राहू दे, आजोबांची आठवण. त्याला ते पटलं. उद्या सकाळी साताऱ्याला निघायचंय. दशम्या करून ठेवल्यात, शेंगाचटणी बाकी आहे.

हे कुठे पाठवायचं नाही म्हणून एवढं लिहवतंय. मुलाला सांगितलं ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. काल त्या सीटवर बसले तेव्हा गाडी सरळ झाली, अण्णा. आत्या होती तेवढी मी आता झालेय. आणि गुडघा दुखतो, पण साताऱ्याला जाता येऊ नये इतका तो कधीच दुखत नव्हता.