दोन डोंगरांचं मूळ

१२ फेब्रुवारी

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

गुडघा कसा आहे? काकू लिहितात, मलम कपाटात ठेवून तुम्ही नुसतं दुखणं सांगत बसता.

काका, एक अवघड गोष्ट सांगायची आहे. गावाबाहेरच्या आपल्या दोन डोंगरांचे दगड दळून मी प्रयोगशाळेत तपासले. दोन्हीकडचा ग्रॅनाइट एकाच शिलारसातून आला, असं तुम्ही प्रबंधात मांडलंत, आयुष्यभर शिकवलंत. बाबा गेले तेव्हा मला तिथे नेऊन म्हणालात, हे दोघे सख्खे भाऊ आहेत, तुझ्या बाबांसारखे आणि माझ्यासारखे. त्या दिवशी घरी येऊन मी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले होते.

पण रसायन वेगळंच सांगतंय. पूर्वेच्या डोंगरात अ‍ॅल्युमिनियम भरपूर, आणि स्ट्रॉन्शियमच्या दोन प्रकारांचं प्रमाण जुन्या गाळाच्या खडकासारखं. म्हणजे तो कुठल्यातरी प्राचीन चिखलाचा खडक वितळून झालाय. पश्चिमेचा त्याहून कितीतरी खोलातून वर आलाय. पुन्हापुन्हा मोजलं, आकडे हलत नाहीत. लेख छापायला द्यायचा आहे. तुम्ही नको म्हणालात तर थांबेन.

रागावलात तरी माया पातळ करू नका.

तुमची
ठिकरी

२ मार्च

चि. ठिकरीस,
अनेक आशीर्वाद.

गुडघा ठणकतो, तोंड चालतं.

तुझं पत्र आल्यापासून जुना प्रबंध उघडून बसलो होतो. शेवटी काकूने विचारलं, डोंगर पळून गेले का? तेव्हा हसू आलं. आमच्याकडे हातोडी आणि भिंग. डोळ्यांना सारखं दिसलं त्याला सारखं म्हटलं. तुझ्या बाबांनी हे ऐकलं असतं तर मला चिडवून हैराण केलं असतं. तू फ्रॉकच्या खिशात अभ्रकाचे पापुद्रे भरायचीस, आणि धुणं चमकतं म्हणून वहिनी माझ्यावर ओरडायच्या. त्या दिवशी तू जेवलीस, तेवढ्यापुरता माझा सिद्धांत कामी आला म्हणायचा.

लेख छापायला दे. माझ्याकडे बघून त्यात एकही ‘कदाचित’ घालू नकोस.

काल बसने माझ्या जुन्या कॉलेजात गेलो. काचेच्या कपाटात दोन्ही डोंगरांचे दगड अजून माझ्या एकाच चिठ्ठीवर मांडलेत. किल्ली मागून घेतली, ती चिठ्ठी काढली आणि दोन नव्या लिहिल्या. अक्षर जरा फिसकटलं. खाली लिहिलं, शोध : माझी पुतणी. तिथला तरुण प्राध्यापक म्हणाला, असं लिहीत नाहीत सर, पूर्ण नाव आणि पदवी लागते. त्याला सांगितलं, ते सगळं लेखावर येईल. इथे एवढंच राहू दे.

लोभ आहेच, तो वाढवायला ये एकदा.

काका