रावसाहेब तांदूळ खात नाहीत

वरचीवाडी, ता. कणकवली
११ नोव्हेंबर २०२४

चि. धोंडूस रखमाताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र लिहायला कारण तुझा मुलगा हितेंद्र. दिवाळीला आला, गुणाने राहिला आणि जाताना घोटाळा करून गेला. परसात दोन कोंबडे होते. एक तुमच्या रविवारच्या सागुतीसाठी. दुसऱ्याच्या पायात मी लाल दोरा बांधला होता, कारण तो वाडीच्या राखणदाराच्या नावाने काढून ठेवलेला. तुझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मी नवस बोलले होते, तो हाच. हितेंद्रला वाटलं, दोरा बांधलाय म्हणजे हाच पार्सलचा! नवसाचा उचलला आणि साधा माझ्याकडे ठेवला.

काल वरच्या माळावर, सड्यावर चढून फोन केला, रेंज तिथेच येते. अक्षदाने उचलला. आजोबा कोंबडा घेऊन दुकानात गेलेत, एवढं म्हणाली आणि लाइन गेली. पुन्हा लावायचा तर भोवती निम्मी वाडी कान देऊन उभी. देवाचा कोंबडा तुम्ही खाल्लात का, हे त्यांच्यासमोर कसं विचारू? तेव्हापासून घास गोड लागत नाही.

खाल्ला असशील तर तसं कळव, खोटं लिहू नकोस. नसशील तर त्याला हात लावू नका. २२ डिसेंबरला राखणदाराला राखण द्यायची आहे, त्याच्या आत तो इथे हवा. आणि उत्तर शुद्ध लिही. मी पस्तीस वर्षं शाळेत शिकवलंय, तुझ्या चुका मला अजून झोंबतात.

तुझ्या डोळ्यांत औषधाचे थेंब वेळेवर पडोत, ही इच्छा.
ताई

काळाचौकी, मुंबई
१८ नोव्हेंबर २०२४

ती. ताईस धोंडूचा सा. न. वि. वि.

खाल्लेला नाही. आधी एवढं वाच, पाणी पी, मग पुढचं वाच.

तुझा फोन आला तेव्हा मी खरंच चिकनच्या दुकानात होतो. दुकानदाराने त्याला वजनाच्या काट्यावर ठेवला. बाकीचे कोंबडे फडफडतात, हा ऐटीत बसून आकडे बघत राहिला. मग मान वळवून माझ्याकडे बघितलं. ऑपरेशननंतर मला सगळंच जरा जास्त स्पष्ट दिसतं ताई. सहा अंडी घेऊन दोघे परत आलो. दुकानदार अजून हसतोय.

आता तो गॅलरीत टोपलीखाली राहतो. माझ्या नातीने, म्हणजे अक्षदाने, त्याचं नाव रावसाहेब ठेवलंय, आणि ती उगाच कुणाला मान देत नाही. हा पहाटे आरवत नाही. नळाला पाणी आलं की आरवतो, त्यामुळे मजल्यावरच्या बायका त्याच्यावर जाम खूश. कुकरच्या शिट्ट्या मोजतो. दोन शिट्ट्यांना हलत नाही, तिसरी झाली की ताटाशी हजर. अक्षदाने तीन वाट्या उपड्या घालून एकीखाली शेंगदाणा लपवला, तर पहिल्याच झटक्यात याने बरोबर वाटी उलटवली. तोच खेळ मला दिला, मी दोनदा चुकलो.

स्वभाव मात्र डूख धरणारा. आमच्या चाळ कमिटीचे सेक्रेटरी बुधाजी यांनी त्याला एकदा चपलेने हुसकावलं. आता दाराबाहेर वीस जोड असोत, हा बुधाजींचीच चप्पल शोधून तिचा अंगठा तोडतो. तीन जोड झाले. बुधाजी आमच्याकडे अनवाणी येतात.

असा शहाणा प्राणी मी गिरणीतल्या एवढ्या वर्षांत पाहिला नाही. राखणीचं काय ते बघू. घाई कसली?

तुझ्या रागालाही तुझं प्रेम समजणारा,
धोंडू

वरचीवाडी
२५ नोव्हेंबर २०२४

चि. धोंडूस आशीर्वाद.

खाल्ला नाहीस हे वाचून जीव भांड्यात पडला. बाकीचं वाचून काळजी वाढली, ती कोंबड्याची नव्हे, तुझ्या डोक्याची.

मी चाळीस वर्षं कोंबड्या पाळते. बुद्धी म्हणून नसते त्यांना. माझी तांबडी गेल्या आठवड्यात कुंपणात मान अडकवून अर्धा दिवस ओरडत होती, शेजारीच फाटक उघडं होतं. दुसरी बटाट्यावर उबवायला बसलीय आणि जवळ गेलं तर चावायला येते. तुझ्या रावसाहेबाला भूक लागते तेव्हा योगायोगाने तिसरी शिट्टी होते, एवढंच.

नाव ठेवलंत हे बरं नाही केलं. नाव ठेवलेल्याला देवापुढे न्यायला हात धजावत नाही. म्हणून मी आजवर एकाचंही ठेवलं नाही.

मुंबईत राहून रीत विसरला असशील, म्हणून सांगते. देवळातला घाडी देवाला गाऱ्हाणं घालतो आणि कोंबड्यापुढे तांदूळ टाकतो. त्याने चोच मारली की देवाला मान्य झाला, मग सुरी. तीनदा टाकूनही चोच मारली नाही तर देवाला तो नको, जिवंत सोडून देतात. पण तांदूळ बघून गप्प बसणारा कोंबडा अजून अंड्यातून बाहेर यायचा आहे. तेव्हा माया लावून घेऊ नकोस, आणि त्याला लवकर पाठव.

सूनबाईला आणि अक्षदाला आशीर्वाद. रावसाहेबाला नाही.
ताई

काळाचौकी
२ डिसेंबर २०२४

ती. ताईस सा. न.

पत्र तीनदा वाचलं, त्यातही तांदळाचा भाग जास्त.

सहज एक गंमत सांगतो. रावसाहेबांना हल्ली तांदूळ आवडेनासा झालाय. हवापालट झाली की होतं असं. रोज संध्याकाळी अक्षदा त्यांच्यापुढे मूठभर तांदूळ टाकते. चोच पुढे आली की मी स्टीलचं ताट वाजवतो. मान फिरवली की खारी बिस्किटाचा तुकडा. हा केवळ व्यायाम आहे, त्याचा राखणीशी संबंध जोडू नये. सुरुवातीला दहात दहा वेळा चोच मारायचे, आता दहात तीनदा. ताटाच्या आवाजाबद्दल बुधाजींनी जिन्यात नोटीस लावली. ती रावसाहेबांनी फाडून खाल्ली.

आता थट्टा पुरे. ताई, हितेंद्र आणि सूनबाई कामावर जातात, अक्षदा कॉलेजात. बारा ते पाच घरात मी एकटा. पूर्वी भिंतीकडे तोंड करून पडायचो. आता पेपर मोठ्याने वाचतो आणि हा खुर्चीच्या हातावर बसून ऐकतो. मध्येच एका डोळ्याने माझ्याकडे बघतो, पटलं नाही की अंग फुगवतो. मला त्याची सवय झाली. लाज वाटते लिहायला, पण मला तो हवा आहे. देवाला पाच नारळ देतो. दुसरा कोंबडा तुझ्याकडे आहेच, तो दे. हवं तर मी स्वतः येऊन नाक घासतो.

एवढं ऐकशील म्हणून हात जोडून,
धोंडू

वरचीवाडी
९ डिसेंबर २०२४

चि. धोंडूस आशीर्वाद.

केवळ व्यायाम! वाचून आधी हसले, मग चिडले. लहानपणी पाढे येत नव्हते तेव्हाही तू असाच घसा बसल्याचं सांगायचास.

नाव घेऊन दोरा बांधलेला कोंबडा बदलता येत नाही, तुलाही माहीत आहे. नारळाने भागलं असतं तर मी नारळच बोलले असते. पण तू ऑपरेशनला आत गेलास तेव्हा मी इथे राखणदारापुढे उभी होते. आईच्या मागे तुला मी वाढवलं. तुला दिसेनासं झालं तर, एवढाच विचार डोक्यात होता. त्या वेळी देवाने माझं घर मागितलं असतं तरी दिलं असतं. आता शब्द फिरवला आणि तुझ्या दुसऱ्या डोळ्याला काही झालं तर मी काय करू? मला भीती वाटते रे.

१९ तारखेला हितेंद्रबरोबर पाठव. ताट पाठवू नकोस.

तुझ्यावर रागावलेली आणि तरीही तुझीच,
ताई

काळाचौकी
१८ डिसेंबर २०२४

ती. ताईस नमस्कार.

हे पत्र हितेंद्रच्या हातात आणि रावसाहेब त्याच्या पिशवीत. मजल्यावरच्या बायकांनी त्यांना ओवाळलं. बुधाजी नवीन चपला घालून आले आणि दाराबाहेर काढून ठेवल्या. रावसाहेबांनी त्यांना चोच लावली नाही. बुधाजींनाच ते जास्त लागलं.

तुझा शब्द मोड म्हणत नाही. घाडीला एवढंच सांग, की तांदूळ तीनदा टाक, सावकाश टाक. आता दहात एकदाच चोच मारतात. मी येणार होतो, पण मला ते बघवणार नाही.

धोंडू

वरचीवाडी
२४ डिसेंबर २०२४

चि. धोंडूस अनेक आशीर्वाद.

फोनवर एवढंच कळवलं की देवाने कोंबडा सोडला. त्यावर तू चाळभर पेढे वाटलेस आणि जिन्यात उभं राहून कोंबड्यांच्या बुद्धीवर भाषण केलंस, असं अक्षदा म्हणाली. आता खरं काय झालं ते वाच. सड्यावरून सांगण्यासारखं नव्हतं.

हितेंद्रने पिशवी उघडली तेव्हा मी ओटीवर तांदूळ निवडत होते. तुझा हुशार विद्यार्थी उडी मारून थेट सुपात. मी निवडलेल्या तांदळांचं ताट वाजवलं, तर ताटातलेही खाल्ले. तुझी शाळा पहिल्याच तासाला नापास झाली धोंडू. मला हसू आलं, आणि मग एकदम वाईट वाटलं, कारण तू दहात एकदा असं लिहिलं होतंस आणि तुझा त्यावर विश्वास होता.

तीन दिवस तो माझ्या मागेमागे होता. मी एकटी असले की भांड्यांना, मांजराला, चुलीला शिव्या देते, तुला माहीत आहे. हा समोर बसून सगळं ऐकायचा. शनिवारी मी त्याला रावसाहेब म्हणून हाक मारली. ठरवून नाही, तोंडातून निघून गेली. तो आला.

रविवारी सकाळी मी त्याला तांदूळ घातले. एक वाटी, मग दुसरी, मग तिसरी. गळ्याखालची पिशवी टम्म फुगली, तेव्हा त्याला भिंतीला टेकवून आणखी चार दाणे भरवले. देवळात घाडीने गाऱ्हाणं घातलं, तांदूळ टाकले. रावसाहेबाने दाण्यांकडे, पोट भरलेल्या पाहुण्याने लग्नातल्या शेवटच्या जिलबीकडे बघावं तसं बघितलं. दुसऱ्यांदा टाकले, तर त्याने डोळे मिटले. तिसऱ्यांदा टाकले, तेव्हा तो झोपला होता. घाडी म्हणाला की असला निरिच्छ कोंबडा आपण पाहिला नाही, हा देवाचाच माणूस, याला सोडा. वाडीतल्या दोन बायका त्याच्या पाया पडल्या.

सगळे गेल्यावर मी एकटी मागे राहिले. राखणदाराला सांगितलं की हे मी केलंय, धोंडूला यातलं काही माहीत नाही, तेव्हा रागवायचं तर माझ्यावर रागाव, माझे दोन्ही डोळे आहेत, ते घे, त्याच्या डोळ्यांना हात लावू नकोस. बराच वेळ उभी होते. मग घरी येऊन जेवले. आज दोन दिवस झाले, मला अजून सुईत दोरा ओवता येतोय.

आता तुझ्या मनातलं. देवाने सोडलेला कोंबडा गावाबाहेर नेत नाहीत, त्यामुळे रावसाहेब मुंबईला परत येणार नाही. ही रीत खरी की मी आत्ता काढली, ते विचारू नकोस. तुला दुपारी करमत नसेल तर तूच ये. आठ दिवसांसाठी नको, राहायलाच ये. माझ्याही दुपारी लांब असतात, आणि हे मी तुला आजवर एकदाही लिहिलं नाही.

लोभ आहे तो तू येईपर्यंत पुरेल. हे पत्र वाचून लगेच फाडून टाक.
ताई